गोदाक्काची ओंजळ

मंडळी, ऐका! आज देवाच्या दारात एक प्रश्न ठेवते. आपण केलेल्या चांगल्या कामाला ‘हे माझं’ म्हणणं — हा अहंकार की जबाबदारी? माना हलवू नका, अजून कथा सुरू झाली नाही!

अहंकार म्हणता? मग घरच्या पातेल्यांवर नावं कशाला कोरून घेतलीत? पंगतीला दिलेलं पातेलं घरी परत यावं म्हणूनच ना! मृदंगवाले काका हसतायत — गेलेलं दिसतंय एखादं!

तर डोंगराच्या कुशीत धावरवाडी. तिथं गोदाक्का राहायची. नाचणीचं सत्त्व करायची. नाचणी भिजवायची, मोड आणायची, वाटायची, मलमलीतून गाळायची आणि तळाशी बसलेला साका उन्हात वाळवायची. आसपासच्या वाड्यांतली बाळं आईच्या दुधानंतर पहिलं काही चाखायची ते हेच! पिशवीवर छाप दोन जुळलेल्या तळव्यांची, नाव ‘ओंजळ’. का? तर प्रत्येक खेपेची पहिली ओंजळ जानाईदेवीच्या पायरीवर जायची. ज्या लेकुरवाळीला हवी तिनं न्यावी, कुणी विचारायचं नाही. सासूपासूनची रीत!

तिची भाची रेवती कराडला कॉलेजात. ती म्हणाली, “आत्या, ट्रेडमार्क करून घे. नावाची, छापेची सरकारात नोंद होते. मग दुसरा कुणी तुझ्या नावावर विकायला लागला तर त्याला अडवता येतं.”

गोदाक्कानं कानांना हात लावले. “अगं, पहिली ओंजळ देवीची, मग नाव बी देवीचंच की! त्याला माझं म्हणू? जीभ झडंल माझी!”

“आणि कुणी चोरलं तर? देवी येणार आहे का कोर्टात?”

“गप बस, आगाऊ!”

मंडळी, इथं चुकली गोदाक्का. पण पाया पडावं अशी चूक! लोभानं नाही चुकली — भक्तीनं चुकली.

आणि एके सकाळी पलीकडच्या वाडीची कोमल दारात उभी! कडेवर बाळ. डोळे खोल गेलेले, मान टाकलेली, हाताला सलाईनची पट्टी. दवाखान्यातून घरी न जाता ती थेट इथं आलेली. तिनं पिशवी गोदाक्काच्या पायाशी टाकली.

“आक्का, ओंजळ बघून डोळे झाकून घेतलं व्हतं गं. काय घातलंस ह्यात?”

गोदाक्कानं पिशवी उचलली. तेच तळवे! तेच नाव! चिमूटभर जिभेवर ठेवलं — मैद्यासारखं चिकट आणि वर कुबट वास.

“बाई गं, हे माझं न्हाई.”

“मग कुणाचं? छाप तर तुझीच हाय!”

काय सांगणार, मंडळी? नाव माझं नाही असं जन्मभर म्हणत आलेल्या बाईनं, आता माल माझा नाही हे पटवायचं कसं?

कोमल बाळाला घेऊन निघून गेली. गोदाक्का तशीच तालुक्याच्या बाजारात गेली. कोमलनं माणिकशेठच्या दुकानातून पिशवी घेतली होती, आणि तिथं रांगेनं ‘ओंजळ’ मांडलेली!

“शेठ, माझी छाप का लावली?”

शेठ चिडला नाही. उलट पाण्याचा तांब्या पुढं केला! “तुझी? आक्का, सगळ्या बाजारात तूच सांगतीस, नाव देवीचं हाय. मग देवी काय तुला एकटीलाच पावली? मी बी तिचाच भक्त की!”

तिचेच शब्द! तिच्याच तोंडावर! गोदाक्का पाणी न पिता पायऱ्या उतरली. देवीचं म्हणून आपण जे सोडून दिलं, ते देवीच्या पायाशी गेलंच नव्हतं, मंडळी. ते उघड्यावर पडलं होतं.

घरी आली. रेवतीला फोन केला. “चल, कुठं जायचं तिथं.”

रेवतीनं गाठून दिलेल्या वकीलबाईंनी सगळं ऐकलं. जुन्या पिशव्या पाहिल्या, बचत गटाच्या जत्रेतल्या स्टॉलचा फोटो पाहिला. म्हणाल्या, “तुमचा वापर त्याच्या आधीचा आहे, ही जमेची बाजू. शेठला नोटीस धाडू. नोंदणीला मात्र वेळ लागेल, कुणाची हरकत आली तर आणखी. धीर आहे?”

“हाय.”

“मग सांगा, मालक म्हणून कुणाचं नाव घालू?”

रेवती आत्याकडे बघतच राहिली. गोदाक्कानं पदर सावरला. मग ती बोलली —

“माझं घाला. गोदावरी तुकाराम लोहार. उद्या कुणाचं लेकरू आजारी पडलं तर त्याच्या आईनं देवीच्या दारात रडायचं न्हाई. माझ्या दारात येऊन भांडायचं!”

नोटीस गेली, शेठनं पिशव्या उतरवल्या. पुढं नोंदही झाली. कोमलचं बाळ आता अंगणभर दुडुदुडु पळतं. पण कोमल? ती अजून गोदाक्काकडं सत्त्व घ्यायला आलेली नाही. वाटेत दिसली तर मान खाली घालून जाते. छाप राखता आली, मंडळी — त्या एका आईचा विश्वास अजून घरी परत आलेला नाही.

आता तुम्ही! कुणी लोणचं घालता, कुणी वाहनं दुरुस्त करता, कुणी पोरं शिकवता. ‘आपलं कसलं आलंय नाव’ म्हणताना खरंच नम्र असता, की हळूच अंग काढून घेत असता? श्रेय खुशाल देवाला वाहा! पण कुणी जाब विचारायला आलं, तर दार तुमचंच उघडू दे.

टाळ थांबवा जरा. आधी त्या बाळासाठी हात जोडा... मग नाम घेऊ.