ड्यूकच्या झग्याबाबत

मी, आसाबी ओलालेये, वय ६१ वर्षे, धंदा सुक्या मासळीची विक्री, बोडिजा बाजार, राहणार मोकोला, इबादान, आज सोमवारी सकाळी ११ वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

परवा शनिवारी माझी भाची इरेती हिचे लग्न होते. इरेती ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ चार वर्षांपूर्वी वारला. त्याच्या भावंडांपैकी मी एकटीच हयात आहे. फिर्यादी मोजिसोला ह्या इरेतीची आई व माझी भावजय आहेत.

आमच्यात लग्नाला घरची सगळी माणसे एकाच थानाचे कपडे शिवून घालतात. या वेळी जांभळे, सोनेरी वेलबुट्टीचे कापड ठरले होते. तीन आठवडे आधी मी ते मागण्यास फिर्यादीच्या घरी गेले असता त्या म्हणाल्या, "वन्सं, कापड संपलं हो! एक वारसुद्धा उरलं नाही." मी पाणी पिऊन परत आले.

लग्नाच्या दिवशी मी जुना तपकिरी पोशाख घालून दुपारी १ वाजता हॉलवर पोचले. दारावरच्या इसमाने माझे कपडे पाहून मला मागे, जनरेटरजवळच्या टेबलावर बसवले.

दीडच्या सुमारास फिर्यादींचा कुत्रा ड्यूक गाडीतून उतरला. तो अंगाने वासराएवढा आहे. त्याने जांभळ्या-सोनेरी कापडाचा पायघोळ झगा व तशीच टोपी घातली होती. दारावरच्या इसमाने त्याला वाकून नमस्कार केला व पहिल्या टेबलावर नेले. तेथे त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची होती. झग्याला किती कापड लागले असावे, असे साहेबांनी विचारले. साडेतीन वार. मी लांबूनच मोजले.

यानंतर मी हात धुण्यास मागच्या व्हरांड्यात गेले. ड्यूक माझ्यामागे आला. मी त्याला बोलावले नाही. माझ्या हातांना चाळीस वर्षांचा मासळीचा वास आहे. उकाड्याने त्याची जीभ बाहेर लोंबत होती. मी झग्याचा एक बंद सोडला, तर त्याने स्वतःहून पुढचा पाय उचलून दिला. मी जबरदस्ती केली हे म्हणणे खोटे आहे. झगा निघाल्यावर त्याने माझे तोंड चाटले.

मी झग्याची शिवण दातांनी उसवली, कापड झटकले व आरशासमोर उभी राहून डोक्याला फेट्यासारखे बांधले. ते चांगले बसले. मग मी पुढच्या दाराने आत गेले. त्याच इसमाने "या, आजी, या की!" म्हणत मला पहिल्या टेबलावर नेले. रिकामी खुर्ची एकच होती. चिठ्ठी मी उलटी ठेवली.

तेवढ्यात ड्यूक उघड्या अंगाने दाराशी आला. त्या इसमाने त्याला ओळखले नाही. "हाकला रे, कुणाचं तरी मोकाट कुत्रं शिरलंय!" असे तो ओरडला. ड्यूक घाबरून जेवणाच्या टेबलाखाली घुसला व टेबल पाठीवर घेऊनच निघाला. मटणाचे पातेले पालथे झाले. ते मटण ड्यूकने खाल्ले. त्याच्याशी माझा संबंध नाही.

त्या वेळी फिर्यादींनी आधी कुत्र्याकडे व मग माझ्याकडे पाहिले.

"वन्सं! हा ड्यूकचा झगा!"

"तुझ्याकडे तर एक वारही नव्हतं," मी म्हणाले.

"कुत्र्याच्या अंगावरचं काढून घेतलंत? लाज नाही वाटली?"

"काढताना त्याला नाही वाटली, मला कशाला वाटेल?"

एवढ्यात इरेती मंचावरून खाली उतरून आली. माझ्या डोक्याकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "आत्या, शेपटीचं भोक कपाळावर आलंय गं." तिने आपल्या हातांनी फेटा फिरवून भोक मागे नेले व माझा हात धरून मला नाचायला घेऊन गेली. आम्ही किती वेळ नाचलो हे मला सांगता येणार नाही. मी घड्याळ पाहिले नाही.

फिर्यादींशी जुने वैर आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, साखरपुड्याला व्याह्यांच्या देखत मी त्यांच्या भाताला गिचका म्हटले होते. भात गिचका होता.

आज सकाळी ठाण्याच्या बाकावर फिर्यादी माझ्याशेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाताचं बोलणं मागे घ्या, मी फिर्याद मागे घेते." मी म्हणाले, "खाल्लेला भात कसा मागे घेऊ?" मग त्या इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "वन्सं, येत्या रविवारी व्याही जेवायला यायचेत. पाणी किती घालू?"

ते मी त्यांना कानात सांगितले आहे. जबाबात लिहून देण्यास माझा नकार आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला योरुबा भाषेत वाचून दाखवला. वाचताना ते दोनदा थांबले व तोंड पुसून पुन्हा वाचू लागले. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करते.