पाइनला गुंडाळलेलं लुगडं

नाही, बस ना नीलिमा, या बाकावरूनच तो फोटो नीट दिसतो. मंडळाच्या अंकात प्रदर्शनाबद्दल लिहायचंय ना तुला—मग हा समोरचाच घे. बर्फ, पाइनचं झाड आणि त्याला गुंडाळलेलं हिरवं नऊवारी लुगडं. खाली नाव काय दिलंय? ‘माझी सासू’. हे फोटो काढणाऱ्या किर्सीची सासू म्हणे. किर्सीने त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही. निशिकांत मला आणि इथली, सिंगापूरची, हार्बरफ्रंटची नोकरी सोडून तिच्यामागे फिनलंडला गेले—गेला—तरी सासूबाई माझ्याच घरी राहिल्या, बुकित बातोकला, शेवटपर्यंत. त्यांचं पथ्य, औषधं, रात्रीची उठबस, सगळं मी. आणि सासू कुणाची? हिची.

बाई वाईट आहे असं नाही म्हणत मी. आपल्या आजीचा कोट, आजोबांची टोपी एकेका झाडाला घालते आणि फोटो काढते—म्हणजे घरची माणसं परत जंगलात उभी राहतात, असं तिचं म्हणणं. चांगलेच आहेत ते फोटो. पण या झाडाच्या फांद्या छाटल्यात, दिसतं? तिनेच मला ईमेलमध्ये समजावलं होतं. त्यांच्याकडची जुनी रीत—घर आणि स्मशान यांच्या वाटेवर असं झाड छाटून ठेवायचे, गेलेलं माणूस घराकडे यायला निघालं तर ते बघून मागे फिरतं. किती प्रेमाने लिहिलं होतं, आणि खाली—सासूबाईंचं एखादं जुनं लुगडं पाठवाल का? म्हणजे त्यांनी आता माझ्या घरी यायचं नाही. मी वाचलं, चहा केला आणि पाठवते म्हणून कळवलं.

मग काय, टेक्का मार्केटच्या वरच्या मजल्यावर गेले, तसंच हिरवं घेतलं. दहा वेळा धुतलं, खिडकीबाहेर बांबूवर कडक उन्हात वाळवलं, महिनाभर डांबरगोळ्यांत ठेवलं—झालं जुनं. हसू नकोस. खऱ्याच्या पदराला आठ आण्याएवढं भोक आहे—निशिकांतनेच सात वर्षांचा असताना फुलबाजी टेकवली होती. सासूबाई येईल त्या पाहुण्याला सांगायच्या. रफू मी केलंय त्याला. आणि हा पदर बघ, आहे काही? कोराच्या कोरा.

उद्घाटनाला याच फोटोपुढे उभा राहून रडला तो. चारचौघांत म्हणाला, “लुगडं आलं तेव्हा आईचाच वास येत होता त्याला.” डांबरगोळ्यांचा वास, नीलिमा. मला इतकं बरं वाटलं—तीन दिवस बरं वाटत होतं.

पार्सल पोचायचं होतं त्या दिवशी फोनजवळच बसले होते मी. त्याने एवढं जरी विचारलं असतं ना—अगं, ते भोक कुठंय—तर खरं देऊन टाकलं असतं. आठ महिने झाले. कपाटात आहे ते, म्हणजे कपाटात असतं, कधी कधी उशीला… ते नको लिहूस.

आज शेवटचा दिवस. दोघं लोकांसमोर बोलणार, मग प्रश्न विचारायचे. मी उठून सांगणार आहे, लुगडं टेक्काचं आहे आणि तुझी आई अजून माझ्याच घरी येते. मराठीतच सांगणार. बायकोला काय ते त्यालाच इंग्रजीत करून सांगू दे, सगळ्यांसमोर. तू छाप, माझं नाव घालून छाप—सरोजिनी, आडनावासकट.

आला बघ. पाय घे जरा, जाऊ दे मला.