एकही अपघात नाही

आमच्या गावच्या दवाखान्यात कोणाचं काही लपत नाही. समोर सॉ मिलमधला रोलाँ आणि त्याची बायको जिनेट बसली होती. त्याचा उजवा हात जॅकेटच्या आत झोळीत होता, बाही रिकामी लोंबत होती. छातीवर भरतकाम होतं : ‘एकही अपघात नाही’.

"डॉक्टरला खरं सांगशील ना?"

"नर्सला सांगितलंय की. घरी सरपण फोडताना कुऱ्हाड लागली."

"सरपण मी फोडते, रोलाँ."

"हळू बोल गं!"

"करवतीत हात गेला म्हण. मिल भरपाई देईल. उद्या हा हात कामातून गेला, तर मूस हरणाच्या शिकारीला बंदूक कुठल्या हाताने धरशील?"

"वर्षभर अपघात नाही म्हणून काल आमच्या अख्ख्या पाळीला ही जॅकेटं वाटली. आता परवा करवतीत हात गेल्याचं तोंडातून काढू? सगळ्यांची परत घेतील."

"घेऊ देत."

"मागे आमच्या पाळीतल्या लुसियनने बोट तुटल्याचं कळवलं आणि सगळ्यांची जॅकेटं हुकली. त्याच्या टेबलावर कोणी जेवायला बसेना."

"तूही नाही बसलास."

"मी तर बसलेला उठलो."

तेवढ्यात नर्सने हाक मारली.

"रोलाँ, आत या. जॅकेट काढून ठेवा."

तो उभा राहिला. डाव्या हाताने चेन ओढू लागला. ती अस्तरात अडकली.

"जिनेट, जरा चेन उघड."

"आत काय सांगणार ते आधी सांग."

"लोक बघतायत गं."

"बघत नाहीयेत. तुझ्या छातीवरचं वाचतायत."