पाव गोळी

नाही ताई, चहा गाळलाय आता, पिऊनच जा — आणि खुर्ची जरा इकडे घ्या, अक्षू दारात खेळतेय, तिला मी दिसायला नको. म्हणजे, हातात औषधाची वाटी नसली तर पूर्वी चालायचं. आता वाटी नसली तरी तोंड मिटते, मगाशी बघितलंत ना तुम्ही.

काय विचारत होता? हां, गोळी कशी देते. डॉक्टर म्हणाले पाव गोळी, सकाळ-संध्याकाळ, आकडी परत यायला नको म्हणून. गोळी मोठ्या माणसांची. सुरीनं चार तुकडे करायचे — सारखे होतात का? नाही होत. एक मोठा, एकाचा भुगा. मग दिवसभर जीव टांगणीला, आज कमी तर नाही गेली? आधी गुळाच्या पाण्यात दिली, मग केळ्यात, मग तूप घालून मऊ भातात — आणि तिथे चुकलंच माझं. मऊ भात म्हणजे तिचा जीव की प्राण, आता भात दिसला की मान फिरवते.

शेजारच्या मंजुळामावशी तुमच्याबद्दल विचारतात, ती डॉक्टरीण सुई का टोचत नाही गं? म्हटलं, मावशी, त्या पीएचडी करतायत, औषधाच्या कणाकणावर पातळ पापुद्रा चढवतात — तोंडात सुटत नाही, म्हणून कडू लागत नाही, पोटात जाऊन सुटतो. बरोबर ना? माझी शाळा सातवीत सुटली, तुमची अजून चालूच — हसताय काय! पण ते औषध मिळणार कधी? ...हो का. एवढी वर्षं? तोवर अक्षू आपली आपण गोळी गिळेल की. नाही हो, तुमचं कुठे चुकलं — दुसऱ्या कुणाच्या अक्षूला उपयोग होईल.

आमचे हे वागळे इस्टेटला कारखान्यात कामाला असतात, अंधार पडल्यावर येतात. दार वाजलं की ही 'बाबा' करून झेपावते. म्हटलं, रविवारी तरी तुम्ही द्या गोळी. तर म्हणतात, मला तिचं रडणं बघवत नाही, तू घट्ट आहेस. घट्ट! तिचे हात मांडीत दाबायचे, नाक धरायचं — धरायचं नसतं? बरं, नाही धरणार. ते लिहू नका हं... नाही, लिहा, लिहायचं तर.

दिवसभर घरात आम्ही दोघीच, आणि त्यातली एक दुसरीला घाबरते. परवा मोरीत पाय घसरला तिचा, गुडघा फुटला. मी धावले हो — तर माझ्याकडे बघितलं, दोन्ही ओठ आत घेतले, आणि तशीच लंगडत मावशींच्या दारात. रडत होती ना, तरी तोंड उघडलं नाही.

ही बघा, आली परत तुमच्या मांडीवर. ओढणी आवडलीय तुमची.

ताई, एक ऐकाल? आजची गोळी तुम्ही द्याल? कालवून मी देते. मी बाहेर जिन्यात थांबते. ती रडेल, थुंकेल तुमच्या अंगावर, मी पुसून देईन सगळं — पण ती रडली ना, की मी आत येईन. मग माझ्याकडेच येईल ना? एकदाच हो. तुमचं काय, तुम्ही काय रोज...

असं बघू नका. गंमत केली. — नाही गं अक्षू, औषध नाही, रिकामे हात आहेत बघ आईचे. — उठा ताई. ओढणी सोडवून घ्या तिच्या मुठीतून, हळू. गोळीची वेळ झालीय, आणि तुम्ही असताना नको, तुमचाही चेहरा लक्षात ठेवेल ती. जा तुम्ही. आणि दार ओढून घ्या.