न आलेल्या पिनियनचे दाते

—नाही नाही, इंजिनाला नावं ठेवू नका, जावईबापू, इंजिन ठणठणीत आहे. बसा. उभं राहून घाई केली म्हणून पार्सल लवकर येतं होय? हे घ्या स्टूल — खोक्यावर कशाला? बरं, बसा तिथंच, तुमची मर्जी, जावयाला कोण उठवणार! तर काय सांगत होतो — ओढ. तुमच्या पिकअपला ट्रेलर ओढवला नाही, घाटाच्या तिसऱ्या वळणावर क्लच जळल्याचा वास सुटला, अन् सगळा संसार, वर ते तुमचं रंध्याचं मशीन, असं घेऊन तुम्ही आल्या वाटेनं खाली आलात. अन् माझी मुलगी शेजारी बसून — हसत होती? हसत होती म्हणता? हसण्यासारखं काय होतं त्यात?... असो.

आता सुताराला कळेल असं सांगतो. दगड हलवायला पहार लांब घेता की आखूड? लांब. दगड हलतो, पण हात भरपूर फिरवावा लागतो. गिअरचं तेच. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये दोन चक्रं असतात — धाकटं ते पिनियन, थोरलं ते क्राऊन. पिनियनचे दाते कमी केले की इंजिन जास्त फिरतं, गाडी हळू जाते, पण ओढते! वेग सोडा अन् ताकद घ्या, दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही. अन् टायर — टायर जितका उंच तितकी ओढ कमी. लोकांना उलटंच वाटतं. कसली ताकद अन् काय, नाव मोठं लक्षण खोटं! गाडी नुसती छाती काढून उभी राहते. ओझं ओढायच्या गाडीला असले टायर बसवणारा एकतर गाढव, नाहीतर — काय? हो. मीच बसवले. लग्नात भेट म्हणून. मला माहीत नव्हतं? तीस वर्षं या धंद्यात घालवली, मला माहीत नसेल तर — म्हणजे, रुबाब हो! रुबाबासाठी बसवले. तुम्हीसुद्धा बायकोला सोडून गाडीकडेच बघत होतात त्या दिवशी, विसरलात? आता लग्नाच्या बोलण्यांतच तुम्ही म्हणाला होतात, की वर्षभरात घाटापलीकडे जागा घेऊन तिकडंच कारखाना थाटणार, ते खरं. पण म्हणून काय मी मुद्दाम — छे! तुम्ही विचारलंत तरी का असं? नाही विचारलंत? मग ठीक आहे.

तर उपाय सोपा. पहिले छोटे टायर परत घालायचे — आहेत ते माळ्यावर, टाकले नाहीत मी, पुसूनबिसून ठेवलेत — अन् पिनियन-क्राऊन नवं, त्याचंच पार्सल यायचंय. एकटं पिनियन बदलून चालत नाही बरं का, ती दोघं एकमेकांना घासून घासून बसलेली असतात, जोडीच बदलावी लागते. जुन्या पिनियनला अकरा दाते, नव्याला नऊ. नऊच. दोनदा मोजले मी, अन् काय सुरेख कापलेत, एका दात्याला म्हणून — काय? पार्सल आलंच नाही तर दाते कसे मोजले? मोजले म्हणजे — कॅटलॉगात — कॅटलॉगात चित्र असतं ना, त्या चित्रावर — हसू नका. आता तुम्हीही हसायला लागलात.

आलंय. तीन आठवडे झाले येऊन. तुम्ही बसलाय ना, तेच खोकं. झालं समाधान? — म्हणजे? माहीत होतं? कुणी सांगितलं?... तिनं? ‘बाबा स्टूल देतील, तुम्ही खोक्यावरच बसा’ — असं म्हणाली? बघा. नऊ वर्षांची होती तेव्हापासून इथं बॅटरी धरून उभी राहायची, दाते मोजायला मीच शिकवलं, भोगा आता! अन् टायरांचंही कळलं होतं? लग्नाच्याच दिवशी? मग वर्षभर बोलली कशी नाही ही पोरगी?... काय म्हणाली? पुन्हा सांगा. ‘बाबांना एक वर्ष हवं होतं, मी दिलं.’

हं.

मला ती इथून जायला नको होती. बस्स, सांगून टाकलं. तुमच्यावर राग नाही, तुम्ही बरे आहात, रंधा चांगला मारता. संध्याकाळी गाडी घेऊन जा. अन् एक लक्षात ठेवा — या जोडीवर मीटर चढं दाखवणार. अंतर अडीचशे किलोमीटर असलं की ते तीनशे सांगेल. दुरुस्त करता येतं मला. करणार नाही. तिला म्हणावं, मीटर काही का बोलेना, खरं अंतर त्याहून कमी आहे — नका, नका सांगू, तिला येतो तो हिशोब. आता उठा. बघताय काय असे? उठा म्हटलं ना त्या खोक्यावरून! जावई असाल घरी. मला काम आहे.