फूल आणि पीठ यांच्या जोडीबाबत

रेवती गोपाळ मिसाळ, वय २६ वर्षे, व्यवसाय पतसंस्थेत लिपिक, राहणार जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, मी वरील ठिकाणी आईवडिलांसोबत राहते. वडील हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतात. ज्ञानेश्वर उमाळे याने मला फूस लावून पळवून नेले, अशी तक्रार त्यांनी काल दिली. ती खरी नाही. फूस लावायला आधी तोंड उघडावे लागते, आणि ज्ञानेश्वरचा त्या बाबतीत आनंदच आहे. बसची दोन्ही तिकिटे मीच काढली. बुलढाण्यात मी मैत्रीण प्रतीक्षा हिच्या घरी होते व तो त्याच्या मामाकडे होता.

आमची ओळख आठवीत वडिलांनीच करून दिली. सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांत मुले गोंधळतात, म्हणून ते दरवर्षी वर्गाच्या जोड्या लावत. एक शब्द एकाला, तसाच ऐकू येणारा दुसरा शेजारच्याला, आणि दोघे वर्षभर एका बाकावर. मी फ्लॉवर म्हणजे फूल झाले, ज्ञानेश्वर फ्लॉवर म्हणजे पीठ. एक चुकला की दोघांनी उभे राहायचे. तो रोज चुकायचा, त्यामुळे मी आठवी उभ्यानेच पास झाले. मुलामुलींना शेजारी बसवता म्हणून काही पालक भांडायला आले, तेव्हा वडील त्यांना म्हणाले होते, "हे पोट्टे-पोट्ट्या नाहीत, शब्द हायेत. एक पाह्यला का दुसरा आठोलाच पाहिजे."

मला तो पुढेही आठवत राहिला. शिकवणी पक्की होती.

ज्ञानेश्वरचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. आमची जात वेगळी आहे. मी घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "त्या पिठाचं नाव घरात काढू नको." आईने त्या दिवशी पोळ्या केल्या नाहीत, भात लावला. पुढे देऊळगाव राजाचे पाहुणे मला पाहायला येणार असे ठरल्यावर मी घर सोडले. वडिलांना न सांगता गेले याचे वाईट वाटते. त्यांच्यावर माझा फार जीव आहे. परंतु लग्न ज्ञानेश्वरशीच करणार.

आज ठाण्यात वडील मला रागावले नाहीत. "काही खाल्लं का?" इतकेच विचारले आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

लग्नाची नोटीस महिन्यापूर्वीच बुलढाण्याला नोंदणी कार्यालयात दिलेली असून सोमवारी सह्या आहेत. तीन साक्षीदार लागतात. प्रतीक्षा व ज्ञानेश्वरचे मामा तयार आहेत. तिसरे कोण, असे जबाब घेणाऱ्या पोलीस मॅडमनी विचारले असता, ती जागा वडिलांसाठी ठेवली आहे, ते आले नाहीत तर तारीख पुढे ढकलू, असे मी सांगितले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच बरोबर आहे. वाचन संपल्यावर वडिलांनी दारातून आत डोकावून, "सोमवारी बुलढाण्याची पहिली गाडी कितीले हाये?" असे विचारले. तेही माझ्या सांगण्यावरून यात लिहून घेतले आहे.