बोटाची टोपी

आटपाट मुलुंड होतं. तिथं एक सुमन, तिचा मुलगा विलास आणि त्याची काही केल्या पर्मनंट न होणारी नोकरी राहायची. ती सुमन मीच, बायांनो!

रंगीत टीव्ही नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. विलासने कारखान्यातला जर्मन साहेब घरी जेवायला आणला. नोकरी पक्की होणार ती त्याच्याच सहीने. मी शेजारणींबरोबर गोधडी शिवत होते. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं माझं अंगुस्तान बघून साहेब खूश होऊन म्हणाला, "फिंगरहूट!"

विलासने समजावलं, "आई, दोन शब्द जोडलेत. फिंगर म्हणजे बोट, हूट म्हणजे टोपी."

मला जे हसू फुटलं! "बोटाला टोपी? मग अंगठ्याला फेटा बांधतात का रे?"

शेजारणी खिदळल्या. साहेबाचे कान लाल झाले.

"आई, गप्प बस! नोकरी घालवशील माझी."

साहेब हळूच काहीतरी बोलला. विलासने खाली बघत सांगितलं, "ते विचारतायत, अंगुस्तान म्हणजे काय?"

"म्हणजे... हे काय, अंगुस्तान!"

"तसं नाही गं. हा शब्द कशावरून आला?"

मी शेजारणींकडे बघितलं, त्यांनी छताकडे. जन्मभर बोटात घातलं, पण कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबाला मी वाढलं ते मान खाली घालूनच.

पुढच्या महिन्यात विलास पेढे घेऊन आला. "आई, पर्मनंट झालो! सही करताना साहेब विचारत होते, आईंना अंगुस्तानचा अर्थ सापडला का?"